फळीवरचा काड्यांचा डबा

आमच्या उस्त-तालाया गावात कोणालाही विचारा, सेबल सोलावा तर येव्सेय कोस्त्रोवनं. जनावर मुंगसाएवढं, दाट मऊ केसांच्या कातड्यासाठीच मारतात, पण ते कातडं इतकं नाजूक, की पापणीपाशी सुरी जराशी घसरली तरी खरेदीदार नाक मुरडतो. येव्सेय गोठलेला सेबल आढ्याला टांगून सावकाश मऊ होऊ देई. मग मागच्या एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत एकच चीर. शेपटीचं हाड चिरलेल्या काडीत धरून ओढून काढायचं आणि बाकीचं कातडं पायमोजा उतरवावा तसं उलटं करत डोक्याकडे न्यायचं. कान, ओठ, नखांसकट चारही पावलं. तिथे सुरीला काम थोडं, बोटांना जास्त. पुढे ते निमुळत्या फळीवर चढवून बोथट सुरीनं चरबी खरवडायची, कुजक्या लाकडाचा भुसा चोळून तेल टिपायचं आणि चुलीपासून लांब वाळवायचं. घाई केली तर कातडं कडक होऊन फुटतं.

असे त्यानं बावीस हिवाळे दोघांचे सेबल सोलले. स्वतःचे आणि मेव्हण्याचे. मेव्हणा तेरेंती गोठलेली जनावरं पोत्यातून आणून टाकी आणि समोरच्या बाकावर चहा पीत बसे. त्याच्या दोन्ही हातांना मिळून तीन बोटं होती. तो येव्सेयचे हात बघत बसे, बोले फार थोडं. गावातल्या बायका म्हणत, भावाला दाजी मिळावा तर असा. हे कानावर आलं की येव्सेयची सुरी जागच्या जागी थांबे.

तेवीस वर्षांपूर्वीची हकिकत आहे ही. त्या वर्षी देवदारांना फळच धरलं नाही. खारी जंगल सोडून गेल्या, त्यांच्या मागोमाग पक्षी गेले, आणि ऑक्टोबरातच जंगल असं गप्प झालं की म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. अशा सालात उपाशी जनावरं लांबून येतात, आणि सगळीच काही सेबल नसतात.

निघायच्या दिवशी मात्र घरात हसणं-खिदळणं चाललं होतं. तेरेंती तेव्हा सव्वीस वर्षांचा, दहाही बोटं शाबूत आणि जीभ दहा माणसांची.

"दाजी, यंदा तुमचे सेबल माझ्याच चापात येणार बघा," तो म्हणाला. "जनावरालासुद्धा कळतं, पाहुणचार कुठं बरा होतो ते."

"तुझ्या चापात उंदीर तरी येतो का रे?" येव्सेय म्हणाला. तो हसला खरा, पण बोलणं त्याच्या मनात राहिलं. येव्सेयच्या मनात सगळंच राहायचं. चांगला शिकारी, कष्टाळू, आणि संशयाला पहिल्यापासून पाट मांडून ठेवलेला.

लुकेर्यानं, म्हणजे येव्सेयच्या बायकोनं, नवऱ्याला दाराबाहेर गाठलं. "अहो, तो आततायी आहे. आईबाप गेल्यापासून मला तेवढाच आहे. लक्ष ठेवा त्याच्यावर. डिसेंबरात निकोलाच्या सणाला दोघं मिळून परत या. मासा भरून पिरोग भाजून ठेवते."

"आणतो की परत. कुठं जातोय तो?" येव्सेय म्हणाला.

दोघांच्या चापांच्या, म्हणजे लोखंडी सापळ्यांच्या, वाटा वेगळ्या, मुख्य झोपड्याही वेगळ्या, पण वाटा एका ठिकाणी भिडत. तिथे सामाईक झोपडी होती. आमच्याकडे झोपडी सोडताना माणूस फोडलेली लाकडं आत रचून ठेवतो, चुलीत भूर्जाची साल मांडून ठेवतो, आणि दारावरच्या फळीवर डब्यात काड्या. काडेपेटी अर्धी उघडी, दोन-तीन काड्या बाहेर काढलेल्या, म्हणजे बोटं कामातून गेलेल्या माणसाला दातांनीसुद्धा ओढता याव्यात. इथे माणूस दारू पितो, बायकोला शिव्या घालतो, सरकारी खरेदीदाराच्या डोळ्यांत धूळ टाकतो, आणि दोन वर्षांत लोक ते विसरतात. झोपडीतल्या काड्या नेणाऱ्याला मात्र कोणी विसरत नाही. तसला माणूस गावात राहतो, पण त्याच्याबरोबर जंगलात कोणी जात नाही.

डिसेंबरच्या मध्यावर थंडी उणे पंचेचाळीसवर गेली. येव्सेय आपल्या वाटेनं सामाईक झोपडीकडे निघाला आणि पहिलाच चाप रिकामा मिळाला. रिकामा असायला हरकत नाही. पण हा मिटवून, झाडाच्या बुंध्याला नीट टेकवून ठेवलेला होता. जबड्यात काळसर केस अडकले होते. उत्तम प्रतीचा सेबल होता तो. दुसराही तसाच. तिसरा, चौथाही. जनावर चाप मिटवून ठेवत नाही. मधे बर्फ पडून गेला होता, पण झाडांखाली स्कीच्या खुणा उरल्या होत्या, आणि डाव्या स्कीच्या खुणेत ठिगळाची रेघ होती. ते ठिगळ येव्सेयनं स्वतः मारून दिलं होतं.

त्याची कानशिलं तापली. चार सेबल! आणि बायकोचा भाऊ! वर पाहुणचाराच्या बाता! त्या दिवशी तो चालत होता की भांडत होता कोण जाणे, कारण झोपडी येईपर्यंत तो एकटाच मोठ्यानं बोलत होता.

झोपडीत तेरेंती दोन-तीन दिवसांपूर्वी राहून गेलेला दिसत होता. लाकडं ताजी फोडलेली, साल मांडलेली, डबा जागेवर. तेरेंतीनं सगळं रीतीनं केलं होतं, आणि त्यानं येव्सेय अधिकच भडकला. चोर तो चोर, आणि वर सज्जन!

सकाळी निघताना त्याच्या हातांनी सवयीनं लाकडं रचली, साल मांडली. मग त्यानं वर पाहिलं. चहाचा जुना डबा, झाकणाला पोचा आलेला. येव्सेयनं तो उचलला आणि कोटाच्या खिशात घातला. फळीवर धुळीत एक वाटोळी जागा स्वच्छ राहिली.

मेव्हणा मरावा असं त्याच्या मनात नव्हतं. तेरेंतीच्या खिशात काड्या असणारच, चूल पेटणारच. पण डबा जागेवर नाही हे बघून त्याला कळेल, की दाजींना कळलंय. शरमेनं मान खाली घालून येईल. एवढाच हिशेब होता. टेकाड चढताना एकदा त्याला वाटलं, परत जाऊन ठेवून यावा. पण रागावलेल्या माणसाला चढण उतरून परत जाणं फार जड जातं. तो पुढे गेला.

डोंगरधारेच्या वाटेवर, दुपारच्या सुमाराला, त्याला पाचवा चाप लागला. याच्यात सेबल सापडलेला होता. आता फक्त शेपूट आणि एक पाऊल उरलं होतं, आणि भोवती तळव्याएवढे रुंद, नखाळ ठसे होते. वुल्व्हरीन. अस्वलाच्या पिल्लासारखं बुटकं, हावरट जनावर. चापांच्या वाटेला लागलं की एकेक चाप पुसून खातं. झाडावर टांगून ठेवा, चढून काढतं.

येव्सेय ठशांकडे बघत उभा राहिला. मग घाईघाईनं सहाव्या चापाकडे गेला. इथला चाप मिटवलेला होता, बुंध्याला टेकवलेला. त्यानं हातमोज्यानं बुंध्याजवळचा बर्फ बाजूला केला. खाली स्प्रूसची एक फांदी मोडून खोचलेली होती, टोक येव्सेयच्या मुख्य झोपडीकडे वळवलेलं. लहान पोरालाही कळणारी खूण होती ती: तुझी वस्तू मी घेतली आहे, तुझ्या घरी आणून देतो. मागच्या चारही चापांपाशी ती असणार, बर्फाखाली. रागाच्या भरात तो एकाही ठिकाणी वाकला नव्हता.

तो धारेच्या टोकाशी आला. तिथून खाली तालाया नदी दिसते.

तालायाचं पाणी भर थंडीतही बर्फावर चढून येतं आणि वर पडलेला भुसभुशीत बर्फ ते झाकून टाकतो. खाली वळणावर पांढऱ्यात एक काळा डाग होता आणि त्यातून वाफ निघत होती. त्या डागापर्यंत स्कीची सरळ रेघ होती. डागापुढे काहीच नव्हतं. एका बाजूनं काहीतरी ओढत, सरपटत गेल्यासारखा रुंद माग होता, शेजारी कुत्र्याची पावलं, आणि तो माग सामाईक झोपडीकडे गेला होता.

तेरेंती सेबल घेऊन नदीच्या वाटेनं त्याच्या मुख्य झोपडीकडेच येत होता. तो कमरेपर्यंत भिजला होता, म्हणजे खिशातल्या काड्याही भिजल्या होत्या. आणि कोरड्या काड्या येव्सेयच्या कोटात होत्या.

"देवा, नको," येव्सेय म्हणाला आणि वळला.

झोपडी सात किलोमीटरवर होती. दिवस तीनलाच मावळायला लागतो. येव्सेयनं सेबलचं पोतं फेकलं, मग बंदूकही फेकली. धावताना डबा खिशात खुळखुळत होता. दर पावलाला तो वाजे आणि दर पावलाला येव्सेयला वाटे की कोणीतरी ऐकतंय. उतारावर तो दोनदा पडला. झाडांतून छप्पर दिसल्यावर त्यानं पहिल्यांदा धुराच्या नळीकडे पाहिलं. धूर नव्हता.

दार अर्धं उघडं होतं. आत गवताची गादी उलटीपालटी झालेली. कोपऱ्यातली पोती रिकामी केलेली. दारावरची फळी एका बाजूनं ओढून खाली लोंबत होती. काड्या कुठे कुठे शोधल्या ते सगळं समोर पडलं होतं. चुलीत मात्र भूर्जाची साल होती तशी, कोरडी, मांडलेली. चुलीपुढे तेरेंती पडला होता आणि त्याचा कुत्रा कुचुम त्याच्या छातीवर अंग टाकून बसला होता. कुत्र्यानं येव्सेयकडे बघून शेपूट हलवली नाही.

पहिली काडी मोडली. दुसरी विझली. तिसरीनं साल धरली.

तेरेंती श्वास घेत होता. येव्सेयनं त्याचे कपडे सुरीनं कापून काढले, आपला कोट पांघरला, चहा पाजला. हात बघितले तेव्हा ते मेणासारखे पांढरे होते. बऱ्याच वेळानं तेरेंतीनं डोळे उघडले. त्याची नजर आगीवर गेली, मग येव्सेयच्या गुडघ्याशी पडलेल्या डब्यावर.

"मी... सगळीकडं बघितलं," तो म्हणाला.

"खाली पडला होता. बाकाच्या मागं," येव्सेय म्हणाला.

तेरेंती त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं लोंबत्या फळीकडे पाहिलं, तिच्यावर अजून ती वाटोळी जागा होती, आणि परत येव्सेयकडे.

"असेल," तो म्हणाला. "पोत्यात तुमचे पाच आहेत, दाजी. वुल्व्हरीन लागलंय तुमच्या वाटेला. टांगून ठेवले असते तर गेले असते. म्हणून उचलले."

येव्सेयनं तेरेंतीचं पोतं उघडलं. पाच सेबल, एकेक फडक्यात गुंडाळलेला, कातड्याला ओरखडा नाही.

घसरगाडीवर बांधून दोन दिवस ओढत त्यानं मेव्हण्याला गावात आणलं. दवाखान्यात सात बोटं कापली. वसंतात शिकारी जमले तेव्हा म्हाताऱ्या अगाफोननं सगळ्यांदेखत विचारलं, "झोपडीत काड्या नव्हत्या? आधी कोण होतं तिथं?"

बोलायची हीच वेळ होती, हे येव्सेयला कळत होतं.

"मीच होतो," तेरेंती म्हणाला. "मीच उचलल्या, परत ठेवायला विसरलो. माझ्याच कर्माची फळं."

अगाफोननं फक्त बाक जरा लांब सरकवला. तेव्हापासून तेरेंतीबरोबर कोणी जंगलात गेलं नाही, आणि 'तेरेंतीच्या झोपडीत जाताय? मग आपल्या काड्या आपण न्या,' हे गावातलं बोलणंच होऊन बसलं. पोरंसोरंही म्हणत. आणि येव्सेय मूग गिळून बसला. राग मी समजू शकतो, राग कोणाला येत नाही? ते बसून राहणं मला समजत नाही.

त्यानं मेव्हण्याचे सेबल सोलायला घेतले. स्वतःच्या कातड्यांपेक्षा ती अधिक जपून सोलली. तेरेंतीनं कधी नको म्हटलं नाही, कधी आभारही मानले नाहीत. दर ऑक्टोबरात येव्सेय निघाला की तो दारात येई आणि तीन बोटांत धरून एक काडेपेटी पुढे करी. "घ्या दाजी. जवळ असू द्या. माणूस विसरतो." आजूबाजूचे हसत, त्यांना वाटे बिचारा स्वतःचीच थट्टा करतोय. येव्सेय पेटी घेई. बावीस पेट्या त्यानं घेतल्या, आणि दर वेळी त्याला वाटे, आज हा बोलणार.

या उन्हाळ्यात तेरेंती छातीच्या दुखण्यानं गेला, आणि बोलला नाहीच. येव्सेयनं मेव्हण्याला मूठमाती दिली, रडला, आणि घरी येताना त्याला हलकं वाटलं. हलकं वाटल्याची त्याला शरमही वाटली, पण वाटलं खरं.

परवा बर्फ धरला. येव्सेय पोतं खांद्यावर टाकून दाराशी आला, तर लुकेर्या वाटेत उभी. तिच्या हातात चहाचा जुना डबा होता, झाकणाला पोचा आलेला.

"तेरेंतीनं शेवटी शेवटी दिला होता," ती म्हणाली. "म्हणाला, पहिला बर्फ पडून दाजी निघाले की हातात दे, आणि ते काय सांगतात ते नीट ऐकून घे. मी विचारलं, काय सांगणार? तर म्हणाला, ते सांगतील." तिनं डबा त्याच्या हातात ठेवला, एप्रनला हात पुसून बाकावर बसली. "सांगा."

येव्सेयनं झाकण उघडलं. आत काडेपेटी होती, अर्धी उघडी, तीन काड्या बाहेर काढलेल्या. त्यानं पोतं खाली ठेवलं.

"लुकेर्या, त्या दिवशी काड्या तेरेंतीनं उचलल्या नव्हत्या," तो म्हणाला. "डबा माझ्या खिशात होता."

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. डब्याभोवती त्याची दहाच्या दहा बोटं होती.