चालवणारा उतरत नाही

धुतलेली गाडी दिसली की आर्लो झेमनचं तोंड वाकडं व्हायचं. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईंपेक्षा धूळ जास्त. तिथे पिकअप धूत बसणारा म्हणजे दुसरा कामधंदा नसलेला माणूस, असं त्याचं मत होतं. मतांची त्याच्याकडे काही कमतरता नव्हती. डिझेलवाल्यांबद्दल एक, टोकदार बूट घालणाऱ्यांबद्दल एक, सीटबेल्ट लावणाऱ्यांबद्दल एक. चव सगळ्यांची एकच, कडू.

शेजाऱ्यांची वासरं ट्रेलरमध्ये चढवायची आणि गुरांच्या बाजारात पोचवायची, यात त्याचा उभा जन्म गेला. वाटेत फाटकं लागायची. त्या मुलखात काटेरी तारांची फाटकं असतात. उघडताना फार त्रास नाही, पण लावताना फाटकाच्या टोकाच्या खुंटाला खांदा लावून, सगळा जोर काढून वर तारेचा फास अडकवावा लागतो. आणि तिथे एक रिवाज आहे, जो कुणी कुणाला शिकवत नाही. गाडीत दोघं असतील, तर शेजारी बसलेल्यानं उतरून फाटक उघडायचं, गाडी पार झाली की लावायचं आणि पुन्हा चढायचं. चालवणारा उतरत नाही.

आर्लोची बायको नॅडीन सगळा संसारभर उतरत आली होती. बर्फात उतरली, चर्चला जायच्या बुटांत उतरली, लेक केंड्राच्या वेळी दिवस भरत आले होते तेव्हाही उतरली. ती धापा टाकत परत येऊन बसली की हा स्टिअरिंगवर बोटं वाजवत विचारायचा, "काय, कॉफी पिऊन आलीस का?" सुरुवातीला ती चिडायची. पुढे पुढे उत्तरच देईनाशी झाली, आणि हिला विनोद कळत नाही असं आर्लोनं ठरवून टाकलं.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता त्याच्या जुन्या पिकअपची चासी गंजून मोडली. वासरांच्या विक्रीचा हंगाम तोंडावर आलेला. तेव्हा जावई, केंड्राचा नवरा, घरी आला. डस्टिन विम्याच्या कचेरीत होता, आणि त्याच्याकडे काळी कुळकुळीत डिझेलची पिकअप होती. दर रविवारी तो ती स्वतःच्या हातानं धुवायचा. यापलीकडे त्याच्याबद्दल काही बोलायची गरज आर्लोला कधी वाटली नव्हती.

"या हंगामात मी ओढतो ट्रेलर," डस्टिन म्हणाला. "तुम्ही शेजारी बसा आणि सांगा, मी शिकतो."

"जावईबापू, तुमच्या गाडीनं किराणा सोडून आजवर काही ओढलंय का?"

"नाही. म्हणून तर शिकतो म्हणतोय."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, पण आर्लोच्या कानात दोनच शब्द अडकले. शेजारी बसा. एकदा का माणूस त्या सीटवर बसला की पुन्हा उजवीकडून डावीकडे, स्टिअरिंगमागे, येत नाही, हे त्यानं स्वतःच्या बापाचं पाहिलं होतं. काहीही होवो, पहिली वासरं निघायच्या आत स्वतःची गाडी दारात पाहिजे.

जुन्या गाड्या विकणाऱ्या रॉय पिकेटच्या अंगणात रंगीत पताका फडफडत होत्या. त्यांच्याकडे बघूनच आर्लोनं नाक मुरडलं. आपल्याला काय हवंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं: ज्या मापाला तिकडे पाऊण टनी म्हणतात तशी दणकट पिकअप, पेट्रोलवर चालणारी, मागचा अ‍ॅक्सल जड, आणि मागच्या उघड्या हौद्याच्या मधोमध ट्रेलरची मान बसवायचा लोखंडी गोळा.

"ही बघ," रॉय एका पांढऱ्याशुभ्र गाडीच्या दाराला टेकत म्हणाला. "दाताच्या डॉक्टरची होती. जन्मात ट्रेलर ओढलेला नाही."

"मग काय, दात ओढायला घेतली होती?"

"बरं, ही डिझेलची बघ. डोंगर ओढेल."

"पेट्रोलचं इंजिन वाटेत रुसलं तर मी चार शिव्या देऊन चालू करतो. डिझेलचं रुसलं की कुणीतरी पोरगा कॉम्प्युटर घेऊन येतो, आणि मला बाजूला उभं राहायला सांगतो. तुझ्याकडे माणसांच्या गाड्या नाहीत का?"

अंगणाच्या मागच्या टोकाला एक तपकिरी पिकअप उभी होती. खिडक्यांपर्यंत शेण-चिखलाचे थर, हौद्यात गवताच्या काड्या, आणि मधोमध गोळा, घासून घासून चकाकणारा. आर्लोचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

"नदीकडच्या एका रँचवाल्याची," रॉय म्हणाला. "कालच आली. दोन दिवस थांब, आतून-बाहेरून धुऊन दाखवतो."

"हात लावलास तर घेणार नाही."

रॉयनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि हातातलं फडकं खिशात कोंबलं. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं असं म्हणत असेल, तर धंदेवाल्यानं आणखी काय बोलायचं?

आर्लोनं मात्र कसूर ठेवली नाही. गाडीखाली आडवा होऊन चासी हातोडीनं ठोकून पाहिली. गिअरच्या तेलाची कांडी ओढून वास घेतला. दाराच्या चौकटीवरचा किती ओझं झेपेल ते सांगणारा कागद वाचला. गोळ्यावरून अंगठा फिरवला. गाडी ज्याच्या जोरावर ओढते, ते त्यानं सगळं तपासलं. आत मात्र नुसती नजर टाकली. आत माणसं बसतात, त्यात बघायचं काय?

त्या आठवड्यात गावातल्या खानावळीत जो भेटला त्याला त्यानं ऐकवलं, "पिकेट धुऊन द्यायला निघाला होता. म्हटलं, खबरदार. माझं गिऱ्हाईक गुरं आहेत, त्यांना चकाकी कळत नाही."

नॅडीन पहिल्यांदा गाडीत बसली आणि तिनं नाकाला पदर लावावा तसा रुमाल लावला.

"याला तळ्याचा वास येतोय."

"गाईंचा आहे."

"गाईंचा वास मला तू नको सांगूस, आर्लो. तुझे कपडे मी धुते." तिनं सीटबेल्ट ओढला. तो अर्ध्यावर येऊन अडकला. "हाही अडकलाय."

"राहू दे तो. बाजाराला चाललीयेस, युद्धावर नाही."

तिनं बेल्ट सोडला, आणि पुढचं फाटक आल्यावर मुकाट्यानं उतरली.

पहिली वासरं एमेट ह्रुस्काची. एमेट हा दोन टेकड्यांपलीकडचा शेजारी, मोजकंच बोलणारा आणि तेही नको तिथे बोलणारा. वासरं चढली, ट्रेलरची मान गोळ्यावर बसली, आणि आर्लो ऐटीत निघाला. पहिल्याच वाळूच्या चढावर समोरचे सगळे दिवे एकदम लागले, ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळले गेले आणि इंजिन बंद पडलं. मागे वासरांनी एकच हंबरडा फोडला.

आर्लोनं शिव्या दिल्या. चार नाही, चाळीस. इंजिन हललं नाही. त्यानं बॉनेट उघडलं, लावलं, परत उघडलं. एमेट गुरांच्या वाड्याकडून चालत आला आणि शांतपणे म्हणाला, "डस्टिनला फोन केलाय. निघालाय तो."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"वासरं माझी आहेत. उभ्या उभ्या त्यांचं वजन उतरतंय, तुझ्या रुबाबासाठी मी ते उतरू देऊ का?"

काळी गाडी चकाकत आली. डस्टिननं इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दार उघडलं, सीटबेल्ट धरला आणि अडकला तिथे झटके देत शेवटपर्यंत बाहेर खेचला. अर्धा पट्टा राखाडी, मग एक सरळ रेघ, आणि तिथून पुढे मातकट तपकिरी. बारीक वाळलेला गाळ सीटवर सांडला.

"ही गाडी पाण्यात होती, आर्लो. या रेघेपर्यंत. वसंतातल्या पुरानंतर आमच्या कचेरीत अशा रांगेनं आल्या. सगळ्यात आधी बेल्टच ओढून बघायचा असतो. तारांमध्ये गाळ बसलाय, आता ही कधी चालेल आणि कधी नाही, देव जाणे."

"त्या पिकेटला मी..." आर्लोचा आवाज चढला. "चिखलाखाली लपवून विकली मला."

"तो तर धुऊन देत होता म्हणे," एमेट म्हणाला. "सगळ्या खानावळीनं ऐकलंय."

आर्लोनं पट्ट्यावरच्या त्या रेघेवरून अंगठा फिरवला. घासलेला गोळा खरा होता, शेणही खरं होतं. खोटं काहीच नव्हतं, आणि हेच त्याला जास्त झोंबलं.

डस्टिनच्या हौद्यातही गोळा होता. त्यावरचं प्लास्टिकचं टोपण आजवर निघालं नव्हतं, ते आज निघालं. ट्रेलर टेकूवर उभा करून डस्टिननं तपकिरी गाडी ओढून बाजूला काढली. ट्रेलरखाली गाडी आणताना तो दोनदा चुकला. "डावीकडे. तुझ्या डावीकडे!" आर्लो खेकसला, आणि तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटलं. तिसऱ्यांदा ट्रेलरची मान हौद्याच्या काठाला खरवडून गोळ्यावर बसली. काळ्या रंगावर लांबलचक पांढरा ओरखडा उठला. डस्टिननं तो पाहिला आणि ट्रेलरची साखळी अडकवली.

"चावी दे," आर्लो म्हणाला.

"विमा फक्त माझ्या नावावर आहे."

एमेट हसला नाही, पण दुसरीकडे बघू लागला. आर्लो गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला आणि चढून बसला. आत लिंबाचा वास होता. पायाखाली रबराचं स्वच्छ जाजम होतं, आणि त्यावर त्याच्या बुटांचं शेण.

गाडी एका दमात चढ चढली. पलीकडे उतार, आणि उताराच्या टोकाला एमेटचं तारेचं फाटक. डस्टिननं गाडी थांबवली, हातब्रेक ओढला आणि आपल्या बाजूचं दार उघडून एक पाय खाली टाकला.

"तुम्ही बसा. मी उघडतो."

पोरगा शहरातला. त्याला माहीतच नव्हतं. आर्लो गप्प राहिला असता तरी चाललं असतं. फाटक उघडलं असतं, लागलं असतं, आणि टेकड्यांमध्ये हे कुणाला कळलंही नसतं.

"दार लाव," आर्लो म्हणाला. "चालवणारा उतरत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दार लाव."

तो उतरला. फास काढून खुंट बाजूला केला आणि तारांचा गुंता ओढत गवतात उभा राहिला. काळी गाडी पुढून गेली, मागून ट्रेलर गेला, फटींतून वासरांची ओली नाकं गेली. मग त्यानं खुंटाला खांदा लावला. एमेटनं तारा भलत्याच ताणून बांधल्या होत्या. पहिल्यांदा फास हुकला. दुसऱ्यांदा बाही काट्यात फाटली. दिवस भरलेली नॅडीन हे कसं करत असेल, असं त्याच्या मनात आलं. हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. तिसऱ्यांदा फास बसला.

धापा टाकत तो गाडीत चढला आणि दार ओढून घेतलं. डस्टिनची बोटं स्टिअरिंगवर होती. आर्लो समोर बघत बसला, कॉफीचं ऐकायची तयारी ठेवून.

"सीटबेल्ट लावा, आर्लो," डस्टिन म्हणाला.

आर्लोनं पट्टा ओढला. तो शेवटपर्यंत स्वच्छ होता. रस्त्याला लागायच्या आधी अजून एक फाटक होतं.