डावीकडची झालर

दुकानात बेली डान्सचे सात नवे कंबरपट्टे टांगलेले दिसले. सातही पट्ट्यांची मण्यांची झालर डावीकडे अर्धा इंच लांब होती.

माझी मैत्रीण रेवा हा नाच करते. तिच्या कमरेची डावी बाजू जराशी वर आहे. "कुणाला कळू देऊ नकोस गं," ती म्हणाली होती. म्हणून तिचा पट्टा करताना त्या बाजूने मी जास्तीचे मणी ओवले, म्हणजे अंगावर झालर सरळ दिसेल.

"नमुना रेवा मॅडमनीच दिला," दुकानदार म्हणाला.

हाताने केलेली वस्तू एकाच माणसाच्या अंगाची असते. नक्कल करणाऱ्यांनी तर रेवाचं व्यंगही इमानाने उतरवून घेतलं होतं.

माझा हात पर्समधल्या कात्रीकडे गेला. सातही झालरी छाटून सरळ कराव्यात, म्हणजे रेवाचं कुणाला कळणार नाही, असं मला अजूनही वाटत होतं.