बिडकीनचा डिंक आणि माझं शहाणपण

बहीण सुमन माहेरी बाळंत झाली आणि डिंकाच्या लाडवांची जबाबदारी माझ्यावर आली. आमच्या शहरातच, औरंगपुऱ्यात, डिंक ढिगानं मिळायचा, पण माझ्या कारखान्याला सुट्टी होती आणि अंगात हौस होती. अस्सल माल आणतो, असं आईला सांगून मी बिडकीनची एसटी पकडली. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन तेव्हा जोरात होतं, त्यामुळे एसटी निघायची खरी, परत येईलच असं नाही.

बाजारात सखूबाई नावाच्या धनगरीण मावशी बसल्या होत्या. पुढ्यात दोन गाठोडी. एकात मातकट खडे, दुसऱ्यात काचेसारखे पिवळे. मी पिवळ्यांवर बोट ठेवलं. मावशी म्हणाल्या, आधी एक खडा तोंडात धरून बघा, इथं सगळे तसंच घेतात. मला डिंक कळतो, असं सांगून मी पिशवी भरून घेतली.

स्टँडवर येऊन बघतो तर रास्ता रोको, एसटी बंद. स्टँडजवळच्या हॉटेलात भजी चांगली मिळतात, कधी अडकलात तर खा. तिथंच गौतम भेटला, आमच्या शेजारच्या कारखान्यातला. संध्याकाळच्या नामांतर सभेची पोस्टरं त्याच्याकडे होती, पण चिकटवायची खळ एसटीतच सांडली होती. मी ऐटीत मूठभर खडे दिले. आलं कुटायच्या खलबत्त्यात कुटून ते गरम पाण्यात टाकले. तासभर ढवळलं. भुकटी वाळूसारखी तळाशीच.

हॉटेलवाल्या काकांनी वास घेतला. "ही राळ हाय. धुपात जाळायची असती, खायची नाय."

हे तुपात तळलं असतं तर बाळंतिणीच्या खोलीत आरतीच झाली असती. मी धावत मावशींकडे गेलो. यावेळी निमूट मातकट खडा तोंडात धरला. तो हळूहळू मऊ झाला.

"आता कळला व्हय डिंक?" मावशींनी राळ परत घेतली. डिंक मात्र थोडाच उरला होता. त्यातला निम्मा मी गौतमला दिला. पोस्टरं अशी बसली की नखानं निघेनात.

रात्री एसटी सुटल्यावर घरी पोचलो. लाडू निम्मेच झाले. सुमन रुसेल या भीतीनं मी सगळं सांगून टाकलं. ती पोट धरून हसली, टाके दुखले म्हणून मला शिव्या दिल्या आणि पोस्टरं नीट चिकटली का तेवढं विचारलं.

पुढं कित्येक वर्षांनी विद्यापीठाला नाव मिळालं. पेपर वाचून गौतमला भेटायला निघालो, तर माहेरी आलेल्या सुमननं दारातच अडवलं.

"रिकाम्या हातानं जातोस व्हय? आधी डिंक आण, त्याला लाडू करू. अन् चाखून आण."