मामीची बोटं

माझ्या धारच्या मामीइतक्या वेगाने कॉम्प्युटरच्या फोल्डरांतून हिंडणारं माणूस उभ्या माळव्यात दुसरं नसेल, आणि त्या वेगापायी आमच्याइतकं खजील झालेलं गणगोतही दुसरं नसेल. मामी शाळेच्या कचेरीत होती. तिथला माऊस एकदा बिघडला तो कुणी बदललाच नाही, म्हणून ती निव्वळ कीबोर्डवर काम करायला शिकली. पुढे माऊस धरणं तिला चमच्याने पुरणपोळी खाण्यासारखं वाटू लागलं. नावाचं पहिलं अक्षर दाबायचं, एंटर मारायचा, की फोल्डर उघडला; बाहेर यायचं तर आल्ट आणि वरचा बाण. स्क्रीनकडे ती बघायचीसुद्धा नाही. ही विद्या तिने घरात ठेवली असती तर आमची काही तक्रार नव्हती. पण बँकेत गेली की काचेपलीकडच्या बाईवर ओरडायची, "अगं, टॅब दाब, टॅब! रांगोळी काय काढत बसलीस?" मामा अशा वेळी भिंतीवरची कर्जाची जाहिरात मन लावून वाचत. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराला तर तिने "भिया, सरको जरा" म्हणून त्याच्याच खुर्चीवरून उठवलं. त्या दुकानात मी अजून जात नाही.

मग मामेबहिणीचा साखरपुडा ठरला. मुलगा खातेगावचा, नोकरीला पीथमपुरात. समारंभ देवासला होता. दोघांचे लहानपणापासूनचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे, म्हणून मामीने आपला लॅपटॉप आणला. फोटोवाला माऊस फिरवत फोल्डर शोधू लागला. मामीला कुठला दम निघायला! पदर खोचून तिने त्याला बाजूला केलं, साखरपुड्याचा 'एस' दाबला, एंटर मारला आणि पाहुण्यांकडे तोंड करून ऐटीत उभी राहिली.

झालं असं, की फोटोवाल्याच्या क्लिकने निवड आधीच साखरपुड्याच्या फोल्डरवर येऊन थांबली होती. त्यामुळे 'एस' दाबताच ती 'एस'वरच्याच पुढच्या फोल्डरवर सरकली. तो होता स्थळांचा. बहिणीसाठी आलेल्या एकूण एक मुलाचा फोटो त्यात होता आणि फोटोखाली नावाच्या जागी मामीचा शेरा. 'पगार बरा, मान आखूड.' 'आई फार बोलते.' आणि मधोमध, समोर बसलेल्या जावईबापूंचा फोटो: 'दुसरं नाही मिळालं तर.'

मुलगा हिंदी शाळेतला, मराठी वाचायला त्याला वेळ लागे. त्याने शब्द जुळवत मोठ्यानेच वाचलं, "दुसरं... नाही... मिळालं... तर," आणि बहिणीकडे वळून विचारलं, "मतलब?"

बहिणीने मान खाली घातली. तेव्हा कुठे मामीने वळून पाहिलं. खिडकी बंद करायच्या निदान चार युक्त्या तिला ठाऊक होत्या, त्यातली एकही आठवेना. बोटं कीबोर्डवर नुसतीच या कळीवरून त्या कळीवर फिरत राहिली. शेवटी मामांनी पुढे होऊन लॅपटॉप मिटला.

मामी विहिणीसमोर हात जोडून उभी राहिली. "हे सगळं माझं आहे हो. पोरीला यातलं काही माहीत नाही."

विहीणबाईंनी तोंड फिरवलं. मुलगाच म्हणाला, "काकू, फिर दुसरं मिळालं का?"

"नाही रे बाबा," मामी रडतच म्हणाली.

"तो ठीक है ना. अंगठी आणा."

सगळा हॉल हसला. विहीणबाई सर्वांत शेवटी हसल्या, पण हसल्या.

लग्न छान झालं. नातेवाईक मात्र साडी घेताना, भाजी घेताना ते चार शब्द एकमेकांना ऐकवू लागले. मामीही हसायची, पण लॅपटॉपला तिने पुढे कित्येक महिने हात लावला नाही. बँकेत गेली तरी पिशवी मांडीवर घेऊन मुकाट बसायची. तिने चारचौघांत गप्प राहावं म्हणून आम्हीच वर्षानुवर्षं नवस बोलत होतो. आता तिच्याकडे बघायची आम्हालाच लाज वाटू लागली.

परवा जावई धारला आला होता. "आई, ऑफिसात माझा हात फार स्लो चालतो, शिकवा ना," म्हणाला. मामीने आढेवेढे घेतले, मग त्याच्या शेजारी बसली. "अक्षर दाब. थांब. आता नाव वाच." तो जुळवून जुळवून वाचायचा, ती मान हलवायची, मगच एंटर. एका फोल्डरात शिरेपर्यंत दोघांचाही चहा निवला. शेवटी तो उघडला, तेव्हा मामी "शाब्बास" म्हणाली, पण इतक्या हळू, की दारात उभ्या असलेल्या मला ते ऐकू आलं नाही, फक्त तिच्या ओठांवर दिसलं.