नदीपलीकडचं गाव

विमलाबाई नालवाडीत माझ्या शेजारी राहतात. पुलगावकडची शेती ठेक्यानं देऊन त्या इथे आल्या त्या मुकेशसाठी. मुकेश त्यांचा एकुलता मुलगा. मोबाइल टॉवरच्या कामावर असताना वरून पडला आणि मानेखालचं सगळं शरीर निकामी झालं. सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा त्याचं तोंड तेवढं चालत होतं. पण विमलाबाई कपाळाला हात लावून बसल्यात असं मी कधी पाहिलं नाही. मला ते जमलं नसतं.

मुकेशला कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा भारी नाद. प्राचीन काळातलं नदीकाठचं एक गाव. धान्य पिकवून ते जगवायचं, कोठार भरायचं, आणि दुसऱ्या राजांनी जमीन बळकावायच्या आत बैलगाडीतून काही कुटुंबं पाठवून पलीकडच्या काठावर दुसरं गाव वसवायचं. आता तो पलंगावरून सांगायचा आणि विमलाबाई माउस फिरवायच्या. तो सैनिक वाढव म्हणाला की विमलाबाई आधी विहीर खोदणार! जन्मभर शेती केलेली बाई ती, कोठार बघता बघता तुडुंब भरलं.

"माय, आता गाडी पाठव," मुकेश म्हणाला.

त्या दिवशी नेमका पोळा. "आज बैल जुंपाचे नसतात, बाबू."

"अवं, खेळ हाये तो!"

"असन. पन बैल तं बैलच हाये ना."

मुकेश पोट धरता येत नव्हतं तरी तसाच हसला. मीही हसले. पुढे महालक्ष्म्या बसल्या, तर म्हणे पाहुण्या घरात असताना माणसं बाहेर काढायची नाहीत. मग पितृपक्ष लागला, त्यात नवं काम नाही. इकडे पलीकडच्या काठावर परक्यांची लाल निशाणं उभी राहू लागली. मुकेशचं हसणं केव्हाच थांबलं होतं.

माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरात गाठून मी त्यांना फैलावर घेतलं. "काय चालवलंय तुम्ही? एवढी एकच हौस उरलीय त्याला, तीही पुरवू नका!"

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शरयूताई, सकाळी डोये उघडले का पयले हेच इचारते तो, आज गाडी पाठवाची का म्हणून. थे गाव एकदा वसलं, तर मंग दुसऱ्या दिवशी काऊन डोये उघडन तो?"

मी त्यांच्याजवळच बसले आणि रडले. मला काय कळत होतं त्यांच्या जिवाचं! माझी बडबड तेवढी मोठी.

शेवटी मुकेशनंच विचारलं, "माय, दसऱ्याले तरी पाठवशीन का?"

"दसऱ्याले पक्कं," त्या म्हणाल्या.

घट बसायच्या आधीच त्याला ताप भरला, छातीत कफ दाटला. दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली होती. मी उशाशी उभी होते. मुकेश आईकडे बघत म्हणाला, "माय, आजच पाठव ना."

"ताप उतरू दे, बाबू. मंग पाठवू."

संध्याकाळी तो गेला.

तेरवीनंतर मी त्यांच्याकडे गेले. विमलाबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पडद्यावर तेच गाव, काठावर बैलगाडी तयार, पलीकडे एका कोपऱ्यात अजून थोडी जागा शिल्लक. मला राहवलं नाही. म्हटलं, "आता तरी पाठवा. त्याच्या नावानं."

त्यांनी मान हलवली. "आता कोणाले दाखवू, ताई?"

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. मग मला नाही, मुकेशलाच सांगावं तशा म्हणाल्या, "मले वाटे, नाई नाई म्हणून मी त्याले थांबवून ठेवीन. थांबला नाई तो. एकदा तरी हो म्हणायले पायजे होतं मी."