विंगेतून आलेला शब्द

दुपारचं जेवण झालं की कुमुदताईंना हमखास डुलकी लागते, पण आज संतापाने डोळ्याला डोळा लागत नाही. छातीवर चार कागद आहेत. संध्याकाळी सहाला मिरजेत माईणकर मास्तरांची शोकसभा आहे आणि मास्तरांनी बसवलेल्या दोन गाजलेल्या नाटकांवर, त्यांच्या मंडळातली जुनी नटी म्हणून, कुमुदताईंनी बोलायचं आहे. भाषण मात्र मास्तरांच्या पुतण्याने, श्रीरंगने, स्वतःच लिहून आणून दिलंय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, काकू, असं वर बजावूनही गेला. पहिलंच वाक्य आहे : 'दोन्ही नाटकांतून मास्तरांनी त्यागाची शिकवण दिली.'

त्याग म्हणे! कुमुदताई कूस बदलतात. पंख्याची घरघर लांब लांब जाते आणि दुसरी घंटा होते.

त्या रंगपटात उभ्या आहेत. रंगपट म्हणजे त्यांचंच स्वयंपाकघर, फक्त ओट्यावर आरसे मांडलेत. मास्तर गॅसपाशी कुणाला तरी मिशा चिकटवताहेत. दहा दिवसांपूर्वी ज्यांना अग्नी दिला त्यांचा सदरा इतका पांढराशुभ्र कसा, हे कुमुदताईंना मुळीच खटकत नाही. कानावर तीच लाल पेन्सिल आहे, शेंडा चावून चोथा केलेली.

"उशीर केलास, कुमुद."

"मेलात तुम्ही, आणि उशीर माझा?"

मास्तर गालातल्या गालात हसतात आणि मोरीचं दार ढकलतात. पलीकडे पूल आहे, 'पूल नंबर सात' नाटकातला, पुठ्ठ्याचा. पुलावर इंजिनियर उभा आहे. पूल कच्चा आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि अख्खं गाव त्याला समजावतंय, पूल पक्का आहे म्हणून कर सही, चार घरांचा विचार कर. तो सही करत नाही. टाळ्यांचा नुसता पाऊस पडतो.

"पुरुषाने नाही म्हटलं की बाणेदारपणा," कुमुदताई म्हणतात, "आणि माझ्या वाट्याला काय आलं?"

त्यांच्या वाट्याला 'इनामदारांची सून' आलं होतं, त्याच वर्षी, त्याच मास्तरांकडे. दिराने गड्याला मरेस्तोवर मारलेलं सून डोळ्यांनी बघते. सासरा तिला तेच समजावतो, घराचा विचार कर, कोर्टात गप्प बस. हे नाटक लिहिणाऱ्या, गावातल्या एका पोस्टमास्तरांनी शेवटी तिला कोर्टात उभं करून दोनच शब्द दिले होते : मी पाहिलं. माईणकर मास्तरांनी ते लाल पेन्सिलीने खोडून तिथे 'मी काही पाहिलं नाही' घातलं. बायका पदराने डोळे पुसत बाहेर पडायच्या. पोस्टमास्तरांनी त्यानंतर एक ओळ लिहिली नाही.

पुलाखालून वाट शाळेच्या वर्गात निघते. तिथे तालीम चाललीय आणि बाकावर तिशीतली कुमुद मान खाली घालून बसलीय. तरुण मास्तर तिला गोडीगुलाबीने सांगताहेत की मंडळात वीस माणसं आहेत, घरंदाज प्रेक्षक तुटला तर सगळ्यांचंच नाटक बंद पडेल, तू जरा सगळ्यांचा विचार कर, बदललेलंच वाक्य म्हण.

"ऐका," कुमुदताई म्हणतात. "सासऱ्याचंच भाषण आहे हे. तुम्ही ते नाटकातून उचललंत आणि माझ्यावर चालवलंत."

मास्तर ऐकतात. मग हळूच विचारतात, "चाळिसाव्या प्रयोगाला तू खरं वाक्य म्हणणार होतीस ना?"

कुमुदताईंच्या अंगाचा तिळपापड होतो, कारण ते खरं आहे. त्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. तोंड उघडलं, क्षणभर थांबल्या, आणि ही वाक्य विसरली असं समजून मास्तरांनी विंगेतून बदललेला शब्द दिला. नट विंगेतून आलेला शब्द उचलतोच. पुढे आलेला प्रसाद नाकारत नाही तसं ते हाडीमासी भिनलेलं असतं.

"तुम्ही विंगेत होतात म्हणून नाही बोलले," त्या म्हणतात.

"मी नुसता शब्द दिला, कुमुद. उचललास तू."

त्यांना रडू येतं, रागाचंच. किती वर्षं त्या एकट्या मास्तरांनाच बोल लावत आल्या होत्या.

तिसरी घंटा होते. वर्गाचा फळा वर सरकतो आणि समोर सभागृह भरलेलं आहे. पहिल्या रांगेत श्रीरंग बसलाय. कुमुदताई माइकपुढे उभ्या आहेत. मास्तर विंगेतून कुजबुजतात, "दोन्ही नाटकांतून..." मग, "त्यागाची..." जीभ सवयीने हलते. त्या ओठ घट्ट मिटतात आणि विंगेकडे वळतात.

"हा शब्द मी उचलणार नाही, मास्तर."

मास्तर कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या हातात ठेवतात आणि त्यांची बोटं मिटवतात. "मग तुझं तूच खोड," म्हणतात आणि मागच्या मागे निघून जातात. विंग रिकामी होते. उभ्या जन्मात विंगेत कुणी नाही असं कुमुदताईंच्या बाबतीत घडलेलं नाही.

जाग येते तेव्हा साडेचार वाजलेत. कागद जमिनीवर पसरलेत. उजवी मूठ आवळलेली आहे. उघडतात तर आत लाल पेन्सिलीचा तुकडा आहे, शेंडा चावलेला, अजून ओला.

कुमुदताई तो पदराला पुसतात. मग खाली वाकून पहिला कागद उचलतात, श्रीरंगचं पहिलं वाक्य या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडतात आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात : मी पाहिलं.