हिरवळीवरची मेंढरं

कारेगावच्या थांब्यावर कंपनीच्या बसची वाट पाहताना मेंढरं घेऊन निघालेले एक आबा रोज दिसायचे. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी. बोलायला थांबले की काठीवर हनुवटी टेकायचे.

परदेशी गिऱ्हाईक येणार म्हणून आमच्या साहेबांनी त्यांना मेंढरांसकट कंपनीच्या हिरवळीवर बोलावलं. "आम्ही गवत कापायला डिझेल जाळत नाही," असं पाहुण्यांना ठणकावून सांगितलं. फोटो निघाले. मोठी ऑर्डर मिळाली.

आमच्याकडं लेंडीखतासाठी शेतात मेंढरं बसवली की शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो, जेवू घालतो. या निर्लज्जांनी आबांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते परत आले, तर त्याच लेंड्यांची घाण होते म्हणून वॉचमनकरवी हाकलून दिलं. हिरवळीवर पुन्हा डिझेलचं मशीन फिरायला लागलं.

मी थांब्यावर चिडूनच सांगितलं, "आबा, तुमचा आन् मेंढरांचा भिंतभर फोटो लावलाय त्यांनी रिसेप्शनला!"

आबांनी काठीवर हनुवटी टेकली.

"व्हय? मंग त्या फोटूत तरी चरू देत्यात का मेंढरांस्नी?"